व्हिस्कीतील धूर येतो कुठून?

नाशिक - वाइनमुळे नावारूपाला आलेल्या नाशिक जिल्ह्याने व्हिस्कीच्या प्रांतातही पाऊल टाकले, त्याची चर्चा मात्र तुलनेने कमी झाली. पेर्नो रिकार इंडिया कंपनीने २०२२ मध्ये बाजारात आणलेली 'लाँजिट्यूड ७७' ही सिंगल माल्ट व्हिस्की दिंडोरी येथील आसवनीत तयार झाली होती. मोड आणलेल्या बार्लीखेरीज दुसरे धान्य न वापरता, तांब्याच्या भांड्यांत ऊर्ध्वपातन करून एकाच आसवनीत सिद्ध झालेली व्हिस्की म्हणजे सिंगल माल्ट. उसाच्या मळीच्या स्पिरिटवर बेतलेल्या अनेक देशी व्हिस्क्यांहून ती निराळी. या कुळातील सर्वात उग्र प्रकार म्हणजे गडद धुराची 'पीटेड' माल्ट. पहिल्या घोटालाच कोणी तिच्या प्रेमात पडतो, तर कोणी पेला दूर सारतो. नाशिकच्या हवेत अशी व्हिस्की होऊ शकेल काय?

हा धूर पाण्यातून किंवा जळक्या पिंपांतून येतो, असा समज आहे. वस्तुतः तो येतो भट्टीतून. बार्ली भिजवून तिला मोड आले, की त्यांची वाढ थांबविण्यासाठी ती वाळवावी लागते. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील आयला बेटावर (हा उच्चार मराठी माणूस एकदा ऐकला की विसरत नाही) झाडे विरळ, त्यामुळे सरपण म्हणून पीटच जाळले जाई. पीट म्हणजे दलदलीत साचलेला, पुरता न कुजलेल्या शेवाळाचा व झुडपांचा थर. तो वर्षाकाठी जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. दीड मीटर खाली गेलेले फावडे सुमारे दीड हजार वर्षे मागे पोचते. त्याचा धूर ओलसर दाण्याच्या सालीला चिकटतो. गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेल्या हुरड्याची चव ज्यांना ठाऊक आहे, त्यांना इंधनाचा वास धान्यात कसा उतरतो, हे वेगळे सांगायला नको.

या धुरात फिनॉल गटातील संयुगे असतात. त्यांपैकी ग्वायकॉल धुरकट वास देते, तर क्रेसॉल इस्पितळाची आठवण करून देते. जुन्या लाल लाइफबॉय साबणाचा कार्बोलिक वासही याच घराण्यातला. माल्टमधील त्यांचे प्रमाण दशलक्ष भागांत किती, म्हणजे 'पीपीएम'मध्ये मोजतात. लागाव्हुलिनचा माल्ट सुमारे ३५, आर्डबेगचा ५५. ऑक्टोमोरच्या एका आवृत्तीने तर ३०९ गाठले. बाटल्यांची किंमत या आकड्याभोवती फिरते, ते फारसे सयुक्तिक नाही. कारण तो आकडा धान्याचा आहे, पेल्यातील पेयाचा नव्हे. दळताना, आंबवताना आणि दोनदा ऊर्ध्वपातन करताना फिनॉलचा मोठा भाग गळून जातो. ही संयुगे ऊर्ध्वपातनाच्या उत्तरार्धात अधिक येतात. कारागीर धार कोणत्या क्षणी वेगळी काढतो, यावर धुराचे गणित ठरते. त्यानंतर पिंपात वर्षे जातील तसा तो धूर आणखी मवाळ होतो.

इथेच उष्ण प्रदेशाचे वेगळेपण आहे. गोव्यात कुंकळ्ळी येथील जॉन डिस्टिलरीज 'पॉल जॉन' नावाने पीटेड माल्ट बनविते. स्कॉटलंडमध्ये पिंपातून दरवर्षी सुमारे दोन टक्के मद्य उडून जाते, गोव्यात आठ टक्क्यांच्या आसपास. या दराने २०० लिटरच्या पिंपात सहा वर्षांनी १२० लिटर उरते; स्कॉटलंडमध्ये सोळा वर्षांनंतरही १४५ लिटरच्या जवळपास हाती लागते. तोटा उघड आहे. मात्र लाकडाचा रंग व गोडवा येथे लवकर उतरतो आणि धूर विरण्याआधीच व्हिस्की बाटलीत भरता येते. धुराच्या माल्टला हा घाईचा हिशेब उलट मानवतो. नाशिकचा उन्हाळा कोरडा. कोरड्या हवेत पिंपातील पाणी मद्यार्कापेक्षा वेगाने उडते, त्यामुळे द्रवाची तीव्रता वाढू शकते; दमट गोव्याहून हा अनुभव वेगळा ठरावा.

उणीव आहे ती पीटची. बंगळूरच्या अमृत डिस्टिलरीजने २००९ च्या 'फ्यूजन'साठी स्कॉटलंडचा धूर दिलेला माल्ट भारतीय माल्टच्या जोडीला घेतला. पॉल जॉन स्कॉटलंडचे पीट आणते. दिंडोरीलाही याच दोन वाटा मोकळ्या आहेत. नीलगिरीच्या पठारावर पीटचे लहान साठे आहेत, पण शोलाच्या पाणथळीत पाणी धरून ठेवणारा हा थर खणण्याचा मोह न झालेला बरा. जगाच्या भूभागापैकी जेमतेम तीन टक्के जागा व्यापणारी पीटभूमी साऱ्या जंगलांतील झाडाझुडपांपेक्षा अधिक कार्बन साठवून ठेवते, आणि खणलेला थर पुन्हा भरायला लागणारा वेळ वर सांगितलाच आहे.