दोन मुलं, एक इनबॉक्स

आमच्याकडे दोघंही ऑनलाइन बुद्धिबळ क्लबात खेळतात. थोरलीचं खातं मी माझ्या ईमेलवर काढलं. धाकट्याच्या वेळी तोच पत्ता टाकला, तर खाली लाल अक्षरं उमटली: हा पत्ता आधीच वापरात आहे. बऱ्याच साइट पत्त्यावरूनच खातं ओळखतात, आणि पासवर्ड विसरला की नवा ठरवायची लिंकही त्यावरच येते. त्यामुळे एका पत्त्यावर एकच खातं.

जीमेल असेल तर सोपी वाट आहे. पत्त्यात ॲटच्या आधी अधिकचं चिन्ह देऊन हवा तो शब्द जोडायचा. समजा पत्ता 'आई' असा सुरू होतो. मग थोरलीसाठी 'आई+तन्वी' आणि धाकट्यासाठी 'आई+ओम' (अर्थात रोमन अक्षरांत). मेल पोचवताना जीमेल अधिकच्या पुढचं सोडून देतं, म्हणून सगळं तुमच्याच इनबॉक्समध्ये येतं. पण मेलवर 'प्रति'पुढे तो शब्द तसाच राहतो. त्यावर फिल्टर लावला की तन्वीच्या सामन्यांचे मेल तन्वीच्या लेबलखाली आपोआप जातात. पासवर्ड मात्र दोघांचे वेगळेच ठेवा. नाहीतर धाकटा ताईच्या खात्यातून खेळून तिचं रेटिंग पाडून ठेवतो. आमच्याकडे हे झालंय, आणि रडारड बराच वेळ चालली.

काही फॉर्म अधिकचं चिन्ह घेतच नाहीत. तिथे मुलाचा खराखुरा स्वतंत्र पत्ता लागतो. भारतात 13 वर्षांखालच्या मुलाचं गूगल खातं पालकांनी काढून द्यायचं असतं आणि ते फॅमिली लिंकमधून सांभाळता येतं. जन्मवर्ष कृपा करून खरंच लिहा. घाईत मोठं वय टाकलं की साइट मुलाला मोठ्यांच्याच रांगेत बसवते: अनोळखी माणसांचे मेसेज, मोठ्यांच्या जाहिराती. आपल्या 2023च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचं प्रत्येक जण मूलच धरलं आहे. त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती घ्यावी, असं तो कायदा सांगतो.

'आई+तन्वी' हा पत्ता पुढे तन्वीच्या हाती देता येत नाही, कारण तो तुमच्याच इनबॉक्सचा आहे. तिचा स्वतःचा पत्ता झाला की क्लबाच्या सेटिंग्जमध्ये जाऊन आधी तो नोंदवा. खात्रीची लिंक जुन्या पत्त्यावरही येऊ शकते, तेव्हा दोन्ही इनबॉक्स उघडे ठेवा. नव्या पत्त्यावर पासवर्ड बदलून बघा. तो बदलला, की मगच तिचा फिल्टर काढा.