वाफेचा झोत

बुलढाणा जिल्ह्यातील जलंब स्थानकापासून खामगावला जाणारा लोहमार्ग १८७० साली सुरू झाला. खामगाव ही कापसाची मोठी बाजारपेठ होती. त्या काळी या मार्गावर कोळशाची इंजिने धावत. गाडी सुटताना इंजिन मोठमोठे हुंकार टाकी. वेग वाढला की त्याची झुकझुक जलद होई. ती इंजिने आता गेली. परंतु त्या आवाजामागील शास्त्र जाणून घेण्यासारखे आहे.

भट्टी धगधगत राहण्यास पुष्कळ हवा लागते. कारखान्यात उंच धुराडे ती ओढून घेते. आगगाडीला मात्र पुलांखालून व बोगद्यांतून जावे लागते. म्हणून तिचे धुराडे आखूड असे. मग हवा ओढावी कोणी? हे काम वाफेच्या झोतावर सोपविलेले होते. १८२९ सालच्या स्टीफन्सन यांच्या ‘रॉकेट’ इंजिनातही हीच युक्ती होती.

दट्ट्या ढकलून झाल्यावर वाफ एका अरुंद तोटीतून धुराड्यात सोडली जाई. वेगवान झोताच्या कडेला असंख्य भोवरे उठतात. ते भोवतालच्या धुराला झोतात ओढून घेतात. वाफेचा वेग धुराला मिळतो, वाफ स्वतः मंदावते आणि दोन्ही मिसळून बाहेर पडतात. त्यामुळे धुराड्याखालच्या पेटीतील दाब कमी होई व ताजी हवा निखाऱ्यांतून आत धाव घेई. चढावर वाफ अधिक खर्च होई, तसा झोत प्रबळ होऊन भट्टीही आपोआप अधिक पेटे. धुराड्याची रुंदी मात्र नेमकी असावी लागे. ते फार रुंद असले, तर बाहेरचीच हवा वरून आत शिरे आणि ओढ मंदावे.

वाफ सुटण्याच्या प्रत्येक वेळी एक ‘झुक’ असा आवाज निघे. दोन सिलिंडरांच्या इंजिनात चाकाच्या एका फेरीत असे चार आवाज होत.

जेट विमानाचा झोत अखंड असतो. म्हणून त्याची झुकझुक न होता गर्जना होते. ती झोताच्या भोवऱ्यांतून उठते. १९५२ साली ब्रिटिश गणितज्ञ जेम्स लाइटहिल यांनी या गर्जनेचे गणित मांडले. त्यानुसार, झोताचा वेग दुप्पट झाला, तर ध्वनीची शक्ती सुमारे २५६ पट होते. म्हणूनच आजच्या अनेक विमानांत उष्ण झोताभोवती मंद हवेचा प्रवाह सोडतात. काही इंजिनांत तर पाकळ्यांच्या आकाराच्या तोटीने हे दोन्ही प्रवाह नळीतच मिसळतात. वेग वाटला जाऊन गर्जना कमी होते आणि विमानतळाजवळ राहणाऱ्यांना रात्री झोप लागू शकते.