पंधराशे कॅलरींची वाटणी

वजनाचे गणित : लेखांक ५

२०१८-१९च्या सुमारास महाराष्ट्रातल्या घराघरांत जेवणाच्या ताटावरून दोन पक्ष पडले होते. एका बाजूला लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. जगन्नाथ दीक्षित. दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, अधेमधे पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा चहा एवढेच घ्या आणि रोज ४५ मिनिटे चाला, असा त्यांचा सल्ला. मूळ मांडणीचे श्रेय ते नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांना देत. दुसऱ्या बाजूला मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर. थोडे थोडे पण थोड्या थोड्या वेळाने खा, घरचे आणि हंगामातले खा, तुपाला घाबरू नका, कॅलरी मोजत बसू नका, हे त्यांचे म्हणणे. लग्नाच्या पंगतीत, लोकलच्या डब्यात, व्हॉट्सॲपवर हा वाद रंगला. दोन्ही वाटांनी वजन उतरवलेली माणसे आजही भेटतात आणि दोन्ही वाटांवरून परत फिरलेलीही भेटतात.

दोनदाच खा आणि थोड्या थोड्या वेळाने खा, अशा अगदी उलट सल्ल्यांनी वजन उतरते, त्या अर्थी खाण्याच्या वेळांची संख्या हा या गणितातला मुख्य आकडा नसावा. कॅनडातल्या ओटावा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये नेमके हेच तपासले. १६ स्थूल स्त्री-पुरुषांना आठ आठवडे सारख्याच प्रमाणात कमी कॅलरींचा आहार दिला. निम्म्यांना तो तीन जेवणांत, निम्म्यांना तीन जेवणे आणि तीन खाण्यांत. आठ आठवड्यांनी दोन्ही गटांचे वजन सारखेच उतरले होते. वारंवार खाल्ल्याने चयापचय पेटता राहतो, हा समज त्यात टिकला नाही. अन्न पचवायला शरीर जी ऊर्जा खर्च करते ती खाल्लेल्या कॅलरींच्या साधारण दहा टक्के असते. १५०० कॅलरी दोनदा खाल्ल्या काय किंवा सहादा खाल्ल्या काय, दिवसअखेर तिची बेरीज जवळपास तेवढीच येते.

दोनदा जेवणाऱ्यांच्या बाजूने इन्शुलिनचा मुद्दा मांडला जातो. खाल्ले की इन्शुलिन वाढते, म्हणून कमी वेळा खावे. इन्शुलिन वाढते हे खरेच. पण एकूण कॅलरी बांधलेल्या असतील तर उपाशी राहण्याच्या तासांनी वजनात किती फरक पडतो, हे चीनमधल्या ग्वांगझौ शहरात १३९ स्थूल माणसांवर वर्षभर पाहिले गेले. सगळ्यांना कॅलरींची मर्यादा एकच होती. पुरुषांना १५०० ते १८००, स्त्रियांना १२०० ते १५००. एका गटाने दिवसाचे सगळे खाणे सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळात उरकायचे, दुसऱ्याला वेळेचे बंधन नव्हते. २०२२ मध्ये निकाल छापून आला. पहिल्या गटाचे सरासरी ८ किलो उतरले, दुसऱ्याचे ६.३ किलो, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम म्हणता येण्याइतका नव्हता.

मग वाटणीला काही अर्थच नाही का? आहे, आणि तो भुकेत आहे.

इस्राएलमध्ये २०१३ साली ९३ स्थूल स्त्रियांवर झालेला एक प्रयोग फार गाजला. सगळ्यांना रोज १४०० कॅलरी. एका गटाने न्याहारीला ७००, दुपारी ५०० आणि रात्री २०० घ्यायच्या. दुसऱ्याने नेमके उलटे : सकाळी २००, दुपारी ५००, रात्री ७००. बारा आठवड्यांनी भरपेट न्याहारीवाल्यांचे सरासरी ८.७ किलो उतरले, रात्रीवाल्यांचे ३.६ किलो. सकाळी राजासारखे खा, रात्री रंकासारखे, या जुन्या सल्ल्याला जणू शिक्काच मिळाला.

स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन विद्यापीठाने पुढे तोच प्रश्न अधिक कडक शिस्तीत सोडवायला घेतला. ३० माणसे. त्यांचे सगळे अन्न संशोधकांनीच मोजून दिले. चार आठवडे दिवसाच्या ४५ टक्के कॅलरी सकाळी आणि २० टक्के रात्री, मग त्याच माणसांना चार आठवडे उलट वाटणी. २०२२ मध्ये निकाल आला : दोन्ही वेळा वजन सव्वातीन किलोंच्या थोडे वर, जवळजवळ सारखेच उतरले. शरीराने जाळलेल्या ऊर्जेतही फरक सापडला नाही. एक फरक मात्र होता. सकाळी भरपूर खाल्लेल्या दिवसांत माणसांना दिवसभर भूक कमी लागली.

हे दोन निकाल एकमेकांना खोडतात असे वरवर दिसते. नीट पाहिले तर ते एकमेकांना पुरे करतात. ॲबर्डीनमध्ये सगळे अन्न मोजूनच मिळत होते, त्यामुळे भूक लागली तरी हिशोब फारसा बिघडला नसावा. इस्राएलमधल्या स्त्रियांचा हिशोब त्यांच्याच हाती होता. तिथे कमी भूक म्हणजे फडताळातल्या डब्याकडे कमी वेळा गेलेला हात. वजन कमी करणाऱ्या खऱ्या माणसांचेही तसेच असते. म्हणून वाटणीचा विचार करायचा तो चयापचयाला फसवण्यासाठी करू नये. आपला संयम दिवसाच्या कोणत्या तासाला सुटतो ते ओळखून, त्या तासासाठी आधीच कॅलरी राखून ठेवण्यासाठी तो करावा.

ज्यांना सकाळी भूकच लागत नाही, त्यांनी न्याहारी जबरदस्तीने गिळण्याची गरज नाही, हेही इथेच सांगायला हवे. मेलबर्नच्या संशोधकांनी २०१९ मध्ये तेरा चाचण्या एकत्र करून पाहिल्या. न्याहारी करणाऱ्यांच्या पोटात दिवसभरात सरासरी २६० कॅलरी जास्त गेल्या होत्या आणि न्याहारी न करणाऱ्यांचे वजन किंचित, अर्ध्या किलोहूनही कमी, हलके होते. त्या चाचण्यांचा दर्जा फारसा चांगला नव्हता, पण न्याहारी टाळली की वजन वाढतेच, या धाकाला त्यांनी आधार दिला नाही.

महाराष्ट्रातल्या नोकरदार माणसाचा संयम बहुतेकदा संध्याकाळी पाच ते आठमध्ये सुटतो. सकाळी घाईत चहा-बिस्किटे, दुपारी एकला डबा, आणि मग घरी पोचेपर्यंत सहा-सात तासांची पोकळी. ठाणे, डोंबिवली, पनवेल, पिंपरी, स्टेशन कुठलेही असो, बाहेर पडताच वडे तळले जात असतात. एक वडापाव साधारण ३०० कॅलरींचा. घरी आल्यावर स्वयंपाक होईपर्यंत मूठभर शेव-फरसाण, १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असलेले, आणि मग साडेनऊला पूर्ण जेवण. अशा दिवशी सकाळ-दुपारचे सारे पथ्य तीन तासांत वाहून जाते. हा दोष इच्छाशक्तीचा म्हणणे अन्यायाचे आहे. दिवसाची आखणीच तशी असते.

एक उदाहरण मांडून पाहू. समजा, ४२ वर्षांची, १५८ सेंटिमीटर उंचीची, ७८ किलो वजनाची, बैठ्या नोकरीची स्त्री आहे. १९९० पासून वापरात असलेल्या मिफ्लिन-सेंट जिओर सूत्राने तिचे शरीर नुसते पडून राहिले तरी दिवसाला सुमारे १४०० कॅलरी खर्च करते. चालणे-फिरणे, घरकाम, प्रवास धरून ते १९०० ते १९५० पर्यंत जाते. तिने १५०० खाल्ल्या तर रोज चारशे-साडेचारशेची तूट पडते. ही तूट पेलण्यासारखी आहे. त्याहून मोठी तूट टिकवणे अवघड जाते.

आता या १५०० वाटायच्या. आधी संध्याकाळ : २०० बाजूला काढा. मग चहा. दोन कप, प्रत्येकी एक चमचा साखर आणि थोडे दूध, मिळून १००. न्याहारीला ३५०, डब्याला ४५० आणि रात्रीला ४००. बेरीज १५००.

ताटात हे कसे दिसते? ४० ग्रॅम पोहे, एक चमचा तेल, चमचाभर शेंगदाणे, कांदा, कोथिंबीर, असे कांदेपोहे अडीचशेच्या आसपास जातात. सोबत एक उकडलेले अंडे किंवा वाटीभर दूध. डब्यात तेल न लावलेल्या दोन मध्यम पोळ्या, मोड आलेल्या मुगाची उसळ, एक पालेभाजी आणि थोड्या दह्यातली काकडीची कोशिंबीर. संध्याकाळसाठी पर्समध्ये मूठभर फुटाणे आणि एक पेरू किंवा केळे. रात्री ज्वारीची एक भाकरी, वाटीभर वरण, भाजी, ताक. भात हवा असेल तर भाकरीच्या जागी भात. दोन्ही घेतले की वाटणी मोडते. यात एकही पदार्थ मुद्दाम बाजारातून आणावा लागत नाही, आणि ज्या घरात एकाच चुलीवर सगळ्यांचा स्वयंपाक होतो तिथे ही गोष्ट फार मोलाची आहे. एकटीसाठी वेगळे शिजवण्याचा नेम आठवडाभरही टिकत नाही.

फुटाणे स्टेशनवर पोचण्याआधीच, कार्यालयातून निघताना खायचे. भूक भडकल्यावर वड्यासमोर उभे राहून फुटाण्यांची आठवण ठेवणे कठीण असते.

दर दोन तासांनी खाण्याचा सल्ला पाळताना लोकांचे नेमके कुठे चुकते, तेही या वाटणीवरून उमगते. मधले खाणे हे जेवणातून काढून घ्यायचे असते. दुपारच्या तीन पोळ्यांतली एक कमी झाली, तर तिच्या जागी चार वाजताचे फळ येऊ शकते. प्रत्यक्षात तिन्ही पोळ्या तशाच राहतात आणि वर बदाम, खाकरा, फळ, लाडू यांची भर पडते. दोन वेळा जेवणाऱ्यांचे चुकते ते वेगळ्या जागी. ५५ मिनिटे मिळाली म्हणून ताटात काहीही चालते, असे काही जण धरून चालतात. दोन जेवणांत १५०० कॅलरी सहज ओलांडता येतात, श्रीखंड-पुरीच्या एका बेतातसुद्धा.

वाटणी चुपचाप खाऊन टाकणाऱ्या तीन गोष्टी मराठी घरांत हमखास सापडतात. पहिली चहा. दोन चमचे साखरेचे, बऱ्यापैकी दुधाचे चार कप म्हणजे ३०० कॅलरी, आणि त्या कुणी जेवणात धरत नाही. दुसरा उपवास. साबुदाण्याच्या खिचडीच्या एका भरल्या बशीत ७० ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम दाण्याचे कूट आणि चमचाभर तूप धरले तरी पाचशेच्या जवळ जाते. त्यात प्रथिने जेमतेम, म्हणून दोन तासांत पुन्हा भूक. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण उगाच पडलेली नाही. चतुर्थी आणि गुरुवार पाळणाऱ्यांनी त्या दिवसांचे आकडे वेगळे लिहून पाहावेत.

तिसरी गोष्ट तेल. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागत असेल, तर माणशी एक लिटर. त्याच्या सुमारे ८२०० कॅलरी होतात, म्हणजे रोजच्या २७० हून अधिक. पंधराशेतला सहाव्या हिश्शाहून जास्त भाग फोडणीतच गेला. सकाळी दिवसभराचे तेल एका वाटीत मोजून काढून ठेवायचे आणि सगळा स्वयंपाक त्यातच करायचा, ही युक्ती कॅलरी मोजण्याच्या कोणत्याही ॲपपेक्षा जास्त उपयोगी पडते.

मोजण्याविषयी एक जुना अभ्यास इथे सांगण्याजोगा आहे. आपण काहीच खात नाही तरी वजन उतरत नाही, असे मनापासून मानणाऱ्या माणसांना न्यूयॉर्कच्या संशोधकांनी तपासले. १९९२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : ही माणसे खाल्लेले सरासरी ४७ टक्के कमी सांगत होती आणि केलेली हालचाल ५१ टक्के जास्त. त्यांचा चयापचय मंद नव्हता आणि ती खोटेही बोलत नव्हती. पातेल्यातून चाखलेले, मुलाच्या ताटात उरलेले, कुणाच्या वाढदिवसाचा केकचा तुकडा, असले खाणे लक्षातच राहत नाही. घरातली बाई सगळ्यांना वाढून शेवटी बसते. उरलेले टाकवत नाही म्हणून संपवते. तिच्या वाटणीत हा आकडा धरायलाच हवा, आणि उरलेले संपवण्याची जबाबदारी तिच्या एकटीवर असू नये, हे घरातल्या बाकीच्यांनीही ठरवायला हवे.

आता रात्रीच्या वेळेविषयी. बॉस्टनमध्ये २०२२ साली १६ जणांवर केलेल्या प्रयोगात तेच अन्न सुमारे चार तास उशिरा दिले, तेव्हा भूक वाढली, पोट भरल्याचा निरोप देणारे लेप्टिन घटले आणि ऊर्जेचा खर्चही थोडा कमी झाला. प्रयोग छोटा आहे, पण त्याची दिशा ॲबर्डीनच्या भुकेच्या निष्कर्षाशी जुळते. जैन कुटुंबांत चौविहार पाळणारे सूर्यास्तापूर्वी जेवून घेतात. त्यामागचा हेतू धार्मिक आहे, तरी मुंबई-पुण्याच्या धावपळीतही लवकर जेवणे शक्य असते, हे त्यावरून दिसते. साडेसहाला जमत नसेल तर साडेनऊऐवजी आठ. घरधनी दहाला येणार म्हणून सगळ्यांनी थांबायचे, ही रीत सोडली तर पुष्कळ घरांत एवढे सहज साधेल. रात्रपाळीवाल्यांनी मात्र घड्याळाकडे पाहू नये. त्यांच्यासाठी उठल्यानंतरचे पहिले जेवण हीच सकाळ, आणि झोपेपूर्वीचे हलके.

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने खाली आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी यातले काहीही स्वतःच्या मनाने बदलू नये. त्यांच्या औषधाची मात्रा जेवणाच्या वेळांना बांधलेली असते आणि एक जेवण गाळले तरी साखर धोक्याइतकी उतरू शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढीची मुले आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनाही १५००चा आकडा लागू नाही. बाकीच्यांनी पहिला आठवडा काहीही कमी न करता फक्त लिहून काढावा : किती वाजता, काय, किती, आणि तेव्हा खरेच भूक होती का. वाटणी कुठून सुरू करायची, ते त्या चार रकान्यांतच सापडते.

(पुढील लेखांकात : डाळी, कडधान्ये, अंडी, मासे आणि प्रथिनांचा हिशोब)