पैसा पेरणारी माणसे : परदेशी फंडवाला, वैकुंठभाई आणि आपला शेअर



ऊस नोंदीच्या निमित्ताने गट ऑफिसात शिकलेली पोरे भेटतात. कोणी पुण्यात, कोणी मुंबईत नोकरीला. त्यांच्या तोंडी हल्ली एक शब्द असतो, 'प्रायव्हेट इक्विटी'. मग वडीलधारे विचारतात, "साहेब, हा काय धंदा आहे? माल काय विकतात हे लोक?" प्रश्न रास्त आहे. शिवाय या धंद्याचा आणि आपल्या शेअरचा संबंध वाटतो तितका लांबचा नाही. म्हणून हा लेख.

धंदा कसा चालतो?

हे लोक माल विकत नाहीत, पैसा पेरतात. पेन्शन फंड, विमा कंपन्या, मोठे धनिक यांच्याकडून रक्कम गोळा करायची आणि चालत्या किंवा वाढू शकणाऱ्या कंपन्यांत भागीदारी घ्यायची. संचालक मंडळावर बसून कारभार सुधारायचा आणि किंमत चढली की आपला हिस्सा विकून बाहेर पडायचे. फंडाची मुदत बहुधा दहा वर्षांची असते. पहिली पाच वर्षे लागण, पुढची पाच वर्षे तोड. आपल्या भाषेत सांगायचे तर लागण, खोडवा, फार तर निडवा. मग रान मोकळे.

मजुरीचा हिशेबही ठरलेला. रिवाज असा की सांभाळण्याबद्दल वर्षाला सुमारे दोन टक्के आणि नफ्यात वीस टक्के. म्हणजे १०० कोटींच्या फंडावर वर्षाला २ कोटी, आणि शेवटी १०० कोटी नफा झाला तर त्यातले २० कोटी फंड चालवणाऱ्याचे. बाकी पैसा ज्याचा त्याला.

आपल्यासारख्या देशांना या धंद्यात 'उदयोन्मुख बाजार' म्हणतात. हे नाव १९८१ साली अंतोइन व्हान आग्तमाएल या डच गृहस्थाने पाडले. तो तेव्हा जागतिक बँकेच्या गटातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळात होता. त्याआधी 'तिसरे जग' म्हणत. त्या नावाने कोण पैसे घालणार? बेणे तेच, पण नाव बदलले आणि गिऱ्हाईक उभे राहिले.

पीक आले तर कसे येते, त्याचे एक उदाहरण. वॉरबर्ग पिंकस या अमेरिकी फंडाने १९९९ ते २००१ या काळात भारती या टेलिफोन कंपनीत सुमारे २९ कोटी डॉलर घातले. २००५ पर्यंत हिस्सा विकून दीड अब्ज डॉलरहून जास्त रक्कम उचलली. पण अशी पिके दहा रानांत एक-दोनच. काही रानांत बेणेसुद्धा निघत नाही. त्यात रुपयाचा भाव. डॉलर ४५ रुपयांना असताना आणला आणि ६५ रुपये झाल्यावर परत न्यायचा म्हटले, तर रुपयातला बराच नफा वाटेतच मुरतो. पाटाचे पाणी मुरावे तसा.

या पेशात शिरणारा पोरगा आधी हिशेबतपासनीस किंवा व्यवस्थापनाचे शिक्षण घेतो, काही वर्षे बँकेत ताळेबंद चाळतो, मग फंडात जातो. कारखाने हिंडायचे, मालकाची पारख करायची, कागदावरचे उत्पन्न आणि रानातले उत्पन्न ताडून पाहायचे. आम्ही बांधावर उभे राहून एकरी टनाचा अंदाज घेतो, तसलेच काम. फरक इतकाच की त्याचा अंदाज चुकला तर दुसऱ्याचे पैसे जातात.

आपल्या मुलखात आलेला पैसा

आता नगर जिल्ह्याकडे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरकडे वळू. १९२६ साली भंडारदरा धरण पुरे झाले. प्रवरेच्या कालव्यांना बारमाही पाणी मिळू लागले आणि हा मुलूख त्या काळचा 'उदयोन्मुख बाजार' झाला. हरेगावला बेलापूर कंपनी, टिळकनगरला महाराष्ट्र शुगर मिल्स अशा कंपन्या उभ्या राहिल्या. कंपन्यांनी शेतकऱ्यांची जमीन खंडाने घेतली आणि ऊस स्वतःच पिकवला. कारखानदारी आली, नवे शेतीतंत्र आले, हे नाकारता येणार नाही. पण नफा भागधारकांचा, आणि जमिनीचा मूळ मालक खंडावर. ज्याने स्वतः ऊस लावला त्याला गुळाच्या बाजाराचा आणि सावकाराचा आधार. बाजार पडला की सावकाराचा कागद तेवढा वाढायचा. पुढे १९६१ च्या जमीनधारणा कायद्याने कंपन्यांच्या ताब्यातील जमीन सरकारकडे गेली आणि १९६३ साली तिच्यासाठी शेती महामंडळ स्थापन झाले.

वैकुंठभाईंची चाकरी

त्याच काळात मुंबईत एक वेगळा पैसेवाला काम करीत होता. वैकुंठभाई मेहता, जन्म १८९१. १९११ साली मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक निघाली. ती आजच्या राज्य सहकारी बँकेची आई. वैकुंठभाई विशीतच तिथे लागले आणि सुमारे पस्तीस वर्षे त्यांनी तिचा कारभार पाहिला. ज्याच्याकडे सोने-नाणे तारण नाही अशा शेतकऱ्याच्या उभ्या पिकावर आणि त्याच्या सोसायटीच्या शब्दावर कर्ज द्यायचे, हा त्यांचा धंदा. कालव्याच्या पट्ट्यात बँकेने शाखा काढल्या. बारामतीची शाखा त्यांपैकीच. फंडवाला विचारतो, "बाहेर कधी पडता येईल?" वैकुंठभाई विचारीत होते, "हा माणूस पायावर कधी उभा राहील?"

१९४६ ते १९५२ ते मुंबई राज्याचे अर्थ व सहकारमंत्री होते. नेमक्या याच वर्षांत प्रवरेचा कारखाना उभा राहिला.

गाडगीळ, विखे पाटील आणि पहिला शेअर

धनंजयराव गाडगीळ हे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांमुळे नेमका कोणाचा किती फायदा झाला, याची त्यांनी पाहणी केली. अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. आजचा फंडवाला पैसे घालण्यापूर्वी जी तपासणी करतो, ती आपल्या मुलखाची तेव्हाच होऊन गेली होती. १९४५ साली बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपुरात, कालव्यावरच्या बागाईतदारांची परिषद भरली, तिचे अध्यक्ष गाडगीळच.

लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनी १९२३ पासून गावात पतपेढी चालवलेली. त्यांनी गावोगाव हिंडून भाग गोळा केले. लोकांनी कारखाना पाहिलेला नव्हता, पाहिला तो कंपनीचा. पैसे बुडाले तर? ही शंका वाजवी होती. तरी भाग निघाले, सरकारने भांडवलात हात घातला आणि औद्योगिक वित्त महामंडळाने कर्ज दिले. गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले. १९५०-५१ च्या हंगामात पहिले गाळप झाले. प्रवरेचे पाहून जिल्ह्यात राहुरी, कोपरगाव, संगमनेर, श्रीगोंदे असे कारखाने निघाले.

फरक कुठे आहे?

१. मत : फंडात जितके शेअर तितकी मते. सहकारात शेअर कितीही असोत, माणसागणिक एक मत.

२. नफा : फंडवाल्याच्या नफ्याला मर्यादा नाही. आपल्या सहकार कायद्यात लाभांश १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही, आणि नफ्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावाच लागतो. आपला खरा लाभ उसाच्या भावात आहे.

३. बाहेर पडणे : फंडवाला दहा वर्षांनी उठून जातो. तुम्ही-आम्ही कुठे जाणार? रान इथे, विहीर इथे. म्हणून जास्त सावध आपणच राहायला हवे.

सावध म्हणजे काय?

कर्ज थकले तर २००२ च्या वसुली कायद्याने बँक तारण मालमत्ता ताब्यात घेऊन लिलावात काढू शकते. राज्यात काही सहकारी कारखाने असे खासगी मालकांकडे गेले. लिलावाच्या पैशातून आधी तारणवाल्यांची देणी भागतात. भागधारकाचा नंबर सगळ्यांत शेवटी, आणि तोवर ताटात काही उरत नाही. बापजाद्यांनी घेतलेला शेअर मग नुसता कागद.

म्हणून वार्षिक सभेला यावे, ते जेवणासाठी नव्हे. अहवाल आधी घरी वाचावा, शिकलेल्या पोराकडून समजून घ्यावा. तीन आकडे जरूर पाहावेत : संचित तोटा किती, कर्ज किती, आणि ऊसबिल १४ दिवसांत दिले की नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे उशीर झाल्यास १५ टक्के व्याजाचा हक्क आहे. आकडा कळला नाही तर उभे राहून विचारावे. विचारणाऱ्याला कोणी वेड्यात काढले, तरी बसू नये.

आणि पोरांना सांगावे, फंडात नोकरी जरूर करा, चांगला पेशा आहे. पण सुट्टीला घरी आलात की तीच नजर आपल्या कारखान्याच्या ताळेबंदावर तासभर फिरवा. परक्याच्या पैशाची इतकी राखण करता, मग बापाच्या शेअरचीही करा.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी