खंडनग्रंथांतील ‘बुद्ध’

ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या चार शतकांत परमतखंडनाचे विपुल वाङ्मय निर्माण झाले. त्यात आमच्या वाचकांना अनपेक्षित वाटेल असे एक नाव आढळते. ते नाव ‘बुद्ध’ होय. चौथ्या शतकातील ‘आर्केलाउसची कृत्ये’ या ग्रंथात एका भोंदू माणसाने धारण केलेले नाव म्हणून ते येते.

हा ग्रंथ मानी (इ. स. 216 ते सुमारे 276) या बाबिलोनियातील धर्मसंस्थापकाविरुद्ध रचलेला आहे. त्यातील कथा अशी: सिथियानुस नावाच्या धनिकाचा शिष्य तेरेबिंथुस याने गुरूच्या मृत्यूनंतर बाबिलोनिया गाठले. तेथे त्याने आपले नाव ‘बुद्ध’ असल्याचे व आपला जन्म कुमारिकेच्या पोटी झाल्याचे सांगितले. पुढे घराच्या छतावरून पडून तो मेला. त्याचे ग्रंथ एका विधवेकडे राहिले. तिने विकत घेतलेल्या गुलाम मुलाला ते वारशाने मिळाले, आणि हाच मुलगा पुढे मानी झाला. तात्पर्य, मानीचे कूळ हीन, त्याचे ग्रंथही परक्याचे!

या कथेमागे एक ठराविक युक्तिवाद आहे. सुमारे 180 साली इरेनेउस याने सत्य हे प्रेषितांपासून बिशपांच्या अखंड परंपरेने चालत आले, असे प्रतिपादन केले, आणि सर्व पाखंडांचे मूळ सायमन नावाच्या जादूगाराशी नेऊन भिडवले. तेर्तुलियन यानेही सत्य आधीचे व भ्रम नंतरचा, असा निकष लावला. एकदा हा निकष मान्य केला की मत तपासण्याची गरज उरत नाही; मत मांडणाऱ्याची वंशावळ दूषित ठरवली की काम भागते.

वस्तुस्थिती निराळी होती. 1970 साली अभ्यासकांसमोर आलेल्या कोलोन येथील इवल्याशा ग्रीक हस्तलिखितावरून मानी हा गुलाम नसून पित्यासमवेत एका स्नानव्रती पंथात वाढला होता, हे स्पष्ट झाले. अल्बेरुनीने जतन केलेल्या मानीच्या वचनानुसार ईश्वरी ज्ञान भारतात बुद्धाने, इराणात जरथुष्ट्राने व पश्चिमेस येशूने आणले. बुद्धाविषयीच्या या आदराचेच विरोधकांच्या हाती विडंबन झाले असावे.

तथापि सर्वच खंडन या प्रकारचे नव्हते. सुमारे 248 साली ओरिजेनने केल्सुसच्या ग्रंथास उत्तर देताना त्याची वाक्ये उद्धृत केली. केल्सुसचा मूळ ग्रंथ नष्ट झाला, पण तो बराचसा या उत्तरातच वाचता येतो. ऑगस्टीन स्वतः सुमारे नऊ वर्षे मानीच्या पंथाचा गृहस्थ अनुयायी होता. त्याने फाउस्तुस या मानीपंथी आचार्याचे खंडन करताना त्याचे म्हणणे आधी देऊन मग उत्तर दिले. त्याची भाषा कठोर आहे, पण प्रतिपक्षाचा आवाज त्याने बुजवला नाही.

आम्हांस हा विषय दूरचा नाही. विष्णुपुराणात विष्णूच्या देहातून निघालेला मायामोह असुरांना फसवण्यासाठी वेदविरोधी मत शिकवतो. बुद्ध म्हणजे विष्णूचा अवतार, ही कल्पनाही पुराणांनीच रूढ केली. मत न खोडता त्याचे मूळच परके ठरवण्याचा हा प्रकार होय. 1956 साली नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांपैकी पाचवी प्रतिज्ञा या कल्पनेचा स्पष्ट शब्दांत त्याग करते, याचे मर्म येथे ध्यानी येते.

पण हाच निकष आम्ही आमच्या ग्रंथांनाही लावला पाहिजे. दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात सहा आचार्यांची मते अजातशत्रूच्या तोंडून येतात. तेथे निगंठ नातपुत्ताच्या नावे चातुयामसंवर सांगितला आहे. जैन आगम मात्र चातुर्याम पार्श्वनाथांचा व पंचमहाव्रते महावीरांची मानतात. जैनांचे ग्रंथ टिकले म्हणून ही तफावत कळते. अजित केसकंबलाचे स्वतःचे ग्रंथ मात्र आज उपलब्ध नाहीत. म्हणून त्याच्या मताविषयी बोलताना आम्ही जपून बोलावे, हेच न्याय्य होय.

ब्रह्मजालसुत्तात भगवान बुद्ध भिक्खूंना सांगतात की, इतरांनी निंदा केली तर रागावू नका. जे असत्य आहे ते असत्य का, हे उलगडून दाखवा. रागावलेल्या मनाला समोरच्याचे बोलणे बरोबर की चूक हे कळत नाही, असे कारणही ते देतात. आपली निंदा ऐकताना जे पथ्य, तेच परमताची परीक्षा करतानाही पाळावे.