प्राचीन चीनचे एकीकरण : विधिवादी तत्त्वज्ञान आणि छिन शासनव्यवस्था

प्रस्तावना :
इ. स. पूर्व २२१ मध्ये छिन राज्याने उर्वरित सहा राज्ये जिंकून चीनमध्ये पहिले एकछत्री साम्राज्य स्थापन केले. या यशामागे लष्करी सामर्थ्याबरोबरच ‘विधिवाद’ ही राजकीय विचारसरणी होती. तिचे प्रशासकीय स्वरूप आणि तिच्याविषयीची रूढ मते यांचा येथे परामर्श घेतला आहे.

विधिवादी विचार व प्रशासन :
कन्फ्यूशियसच्या मते राज्यकर्त्याचे नैतिक आचरण हा शासनाचा पाया होय. विधिवाद्यांनी ही भिस्त नाकारली. सद्गुणी राजे क्वचितच जन्मतात, म्हणून सामान्य कुवतीच्या राजालाही राज्य चालविता येईल अशी नियमबद्ध यंत्रणा हवी, असे हान फेई (मृत्यू इ. स. पूर्व २३३) याचे प्रतिपादन होते. तत्पूर्वीच, इ. स. पूर्व चौथ्या शतकात, शांग यांगने छिन राज्यात अशा यंत्रणेची पायाभरणी केली होती. पाच-पाच कुटुंबांचे गट करून परस्परांच्या वर्तनाची जबाबदारी त्यांच्यावर टाकण्यात आली. रणांगणावरील कामगिरीनुसार सामाजिक दर्जा मिळू लागला. एकीकरणानंतर साम्राज्याचे ३६ प्रांत करून त्यांवर नियुक्त अधिकारी नेमले गेले. वजने, मापे व लिपी यांत एकरूपता आणली गेली.

पुराव्यांची फेरतपासणी :
छिन शासनाची क्रूर प्रतिमा मुख्यतः नंतरच्या हान काळातील लेखनातून रूढ झाली. हान इतिहासकार स्स-मा छ्येन याच्या वृत्तांतानुसार, इ. स. पूर्व २०९ मध्ये पावसाने अडकलेल्या सक्तीच्या सैनिकांनी विलंबाबद्दलच्या देहदंडाच्या भीतीने बंड केले. १९७५ मध्ये हूबेई प्रांतातील श्वेइहूदी येथे एका स्थानिक अधिकाऱ्याच्या थडग्यात बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेले छिन कायदे सापडले. त्यांनुसार वेठीच्या कामावर तीन ते पाच दिवस उशीर झाल्यास तंबी, सहा ते दहा दिवसांस एका ढालीचा आणि त्याहून अधिक विलंबास एका चिलखताचा दंड होता; पाऊस आल्यास वेठच रद्द होई. ही तरतूद वेठीची आहे, सीमेवरील सैनिकी सेवेची नव्हे. त्यामुळे तिच्या आधारे मूळ वृत्तांत खोटा ठरविता येत नाही. तथापि छिन कायदा अपराधाच्या प्रमाणात शिक्षेची श्रेणी ठरवीत असे, हे यावरून स्पष्ट होते.

समारोप :
अवघ्या १५ वर्षांत कोसळलेल्या या साम्राज्याच्या पतनाची मीमांसा करताना शिक्षांच्या कठोरतेइतकाच वेठ व लष्करी सेवेचा असह्य भारही विचारात घ्यावा लागतो. हान राज्यकर्त्यांनी छिनची प्रशासकीय चौकट बव्हंशी कायम ठेवली आणि इ. स. पूर्व १३६ मध्ये कन्फ्यूशियन परंपरेतील पाच ग्रंथांच्या अध्यापनास राजाश्रय दिला. चीनचे पुढील राज्यशास्त्र विधिवादी यंत्रणा आणि कन्फ्यूशियन नीती यांच्या या संयोगातूनच घडत गेले.