दोनदा चौथा, एकदा जगज्जेता

न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एक मैल धावायचा म्हणजे अकरा फेऱ्या माराव्या लागायच्या. एक फेरी 160 यार्डांची, म्हणजे जेमतेम 146 मीटरची. बाहेरच्या मैदानावरचा 400 मीटरचा ट्रॅक तिथे मावणारच नाही. शिवाय हा ट्रॅक मातीचा नव्हता की रबराचा नव्हता. लाकडी फळ्या जोडून स्पर्धेपुरता उभा केलेला. वळणांवर तो बाहेरच्या अंगाने चांगलाच उचललेला असे, नाहीतर एवढ्या वेगात एवढं घट्ट वळण घेताना धावपटू कठड्यावरच आदळायचा. अकरा फेऱ्यांत बावीस वळणं. सरळ पट्टा इतका आखूड, की पुढच्याला ओलांडायचं मनात येईपर्यंत पुढचं वळण हजर. वळणावर ओलांडायचं तर बाहेरून जादा अंतर पळावं लागणार. दादरला उतरायचं असेल तर माटुंग्यापासूनच लोकलच्या दाराकडे सरकावं लागतं, तसंच इथे. आपली जागा दोन-तीन फेऱ्या आधीच धरून ठेवावी लागायची. त्यातच खिळ्यांच्या बुटांचा फळ्यांवरचा खडखडाट आणि हाताच्या अंतरावर ओरडणारे प्रेक्षक.

वानामेकर माइल ही 2011 पर्यंत इथे होणारी मानाची शर्यत एमन कॉग्लन या आयरिश धावपटूने 1977 ते 1987 या काळात सात वेळा जिंकली. अमेरिकेतल्या क्रीडा पत्रकारांनी त्याला ‘चेअरमन ऑफ द बोर्ड्स’ म्हणायला सुरुवात केली (बोर्ड्स म्हणजे याच लाकडी फळ्या) आणि ते नाव कायमचं चिकटलं. न्यूयॉर्कमध्ये आयरिश वंशाची वस्ती मोठी. शर्यतीच्या रात्री गार्डनचा अर्धा आवाज तरी त्याच्या बाजूने असायचा.

कॉग्लनचा जन्म 1952 सालचा, डब्लिनचा. ड्रिमना या कामगार वस्तीत तो वाढला. फिलाडेल्फियाजवळच्या व्हिलानोव्हा विद्यापीठाने शिष्यवृत्ती देऊन बोलावलं, तेव्हा पोरगा गेला खरा. पण घरच्या ओढीने पहिल्याच वर्षी डब्लिनला परत आला. समजूत घालून त्याला पुन्हा पाठवावं लागलं. तिथले प्रशिक्षक जंबो एलियट यांच्या हाताखाली आयरिश धावपटूंची जुनी परंपरा होती. मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये 1956 साली 1500 मीटरचं सुवर्ण जिंकणारा रॉन डेलनी याच विद्यापीठाचा आणि याच प्रशिक्षकांचा. एलियट यांचा भर अमेरिकेतल्या हिवाळी इनडोअर मोसमावर. लाकडी ट्रॅकवरचं हे कसब कॉग्लन तिथेच शिकला. मे 1975 मध्ये जमैकातल्या किंग्स्टनला टांझानियाच्या फिल्बर्ट बायीने मैलाचा विश्वविक्रम केला, त्याच शर्यतीत कॉग्लनने 3 मिनिटं 53.3 सेकंदांत युरोपचा विक्रम केला. मग साहजिकच मायदेशाने हिशोब मांडला, की पुढचा डेलनी हाच.

1976 साली माँट्रियलला 1500 मीटरची अंतिम शर्यत अगदी संथ सुरू झाली. आफ्रिकी देशांच्या बहिष्कारामुळे बायी नव्हता. तो असता तर त्याने पहिल्या पावलापासून वेग लावला असता. कुणीच पुढे व्हायला तयार नाही हे पाहून कॉग्लनने आघाडी घेतली. संथ शर्यतीत पुढे राहणं म्हणजे वारा आपण खायचा आणि मागच्यांना आयता आडोसा द्यायचा. शेवटच्या तीनशे मीटरवर न्यूझीलंडच्या जॉन वॉकरने मुसंडी मारली. वॉकर 3:39.17 मध्ये पहिला, कॉग्लन 3:39.51 मध्ये चौथा. कांस्यपदक सेकंदाच्या अठरा शतांशांनी हुकलं.

याच माँट्रियलमध्ये, आठवडाभर आधी, आपल्या श्रीराम सिंगने 800 मीटरच्या अंतिम फेरीत पहिली फेरी सर्वांच्या पुढे राहून खेचली होती. त्या वेगावर क्यूबाच्या हुआनतोरेनाने विश्वविक्रम केला आणि श्रीराम सातवा आला. त्याची 1:45.77 ही वेळ भारतीय विक्रम म्हणून 2018 पर्यंत टिकली. पुढे राहणाऱ्याच्या कष्टावर मागच्याने पदक न्यावं, हे मध्यम पल्ल्याच्या शर्यतीत नित्याचंच आहे.

चार वर्षांनी मॉस्कोत कॉग्लन 5000 मीटर धावला. पुन्हा चौथा. तिसऱ्या आलेल्या फिनलंडच्या मानिंकाने नंतर स्वतःच कबूल केलं, की त्याने स्पर्धेआधी रक्त चढवून घेतलं होतं. त्या काळी नियमात त्याला बंदी नव्हती, त्यामुळे पदक त्याच्याकडेच राहिलं. मिल्खा सिंग आणि पी. टी. उषा यांचे चौथे क्रमांक आपण अजून उगाळतो. एकाच माणसाच्या वाट्याला दोन आले तर काय होत असेल, याची कल्पना आपल्याला यायला हरकत नाही.

माझ्या मते त्याची कारकीर्द वाचायची ती 1983 सालापासून. तोपर्यंत जंबो एलियट गेले होते. डब्लिनचे त्याचे पहिले प्रशिक्षक गेरी फार्नन आणि वडील, हेही गेले होते. आधीचा मोसम दुखापतीत वाया गेला होता. अशा अवस्थेत 27 फेब्रुवारीला न्यू जर्सीच्या मेडोलँड्समध्ये त्याने इनडोअर मैल 3:49.78 मध्ये पुरा केला. बंदिस्त ट्रॅकवर 3:50 च्या आत येणारा तो पहिला माणूस. दुसरा आला रे फ्लिन, तोही आयरिशच. हा विक्रम चौदा वर्षांनी, 1997 साली, मोरोक्कोच्या हिशाम एल गरूजने मोडला.

ऑगस्टमध्ये हेलसिंकीला पहिली जागतिक मैदानी स्पर्धा भरली. 5000 मीटरच्या अंतिम शर्यतीत सोव्हिएत संघाचा दिमित्री दिमित्रियेव्ह निसटून पुढे गेला. कॉग्लन घाईला आला नाही. शेवटच्या फेरीत त्याने अंतर हळूहळू तोडत आणलं, शेवटच्या वळणावर तो दिमित्रियेव्हच्या खांद्याशी आला आणि त्याने शेजारी पाहिलं. गडी संपलेला आहे हे कळताच कॉग्लनने, शंभरेक मीटर बाकी असताना, दोन्ही मुठी आवळल्या आणि तो चक्क हसला. मग तो निघून गेला. वेळ 13:28.53. दिमित्रियेव्हला आणखी दोघांनी गाठलं आणि तो चौथा आला.

लाकडी ट्रॅक म्हणजे सर्कस, खरी धाव उघड्या मैदानावर, असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. मला ते पटत नाही. केव्हा थांबायचं, कुणाच्या पाठीशी राहायचं, नेमक्या कोणत्या पावलाला सुटायचं, हे माँट्रियलच्या कॉग्लनला जमलं नाही आणि हेलसिंकीच्या कॉग्लनला जमलं. मधल्या सात वर्षांत जवळजवळ दर हिवाळ्यात तो त्या बावीस वळणांवर हेच घोकत होता.

पुढचं थोडक्यात. 1984 चं लॉस एंजेलिस ऑलिम्पिक दुखापतीने हुकलं. 1985 मध्ये डब्लिनला मार्कस ओसलिव्हन, फ्रँक ओमारा आणि रे फ्लिन यांच्यासोबत त्याने चार गुणिले एक मैल रिलेत 15:49.08 असा विश्वविक्रम केला. तोही एका सेवाभावी संस्थेच्या मदतीसाठी भरवलेल्या शर्यतीत. 1988 साली तो सोलला गेला, पण पदक नाही.

चाळिशी उलटल्यावर मात्र त्याने वेगळाच हट्ट धरला. चाळिशीनंतर चार मिनिटांच्या आत मैल धावणं तोवर कुणालाच जमलं नव्हतं. जॉन वॉकरनेही ते मनात घेतलं होतं, पण शरीराने साथ दिली नाही. वयाबरोबर दम एवढा कमी होत नाही, जेवढे स्नायू आणि घोटे कुरकुरायला लागतात. वेगाचा सराव वाढवला की दुखापत, कमी केला की वेग जातो. 20 फेब्रुवारी 1994 रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या इनडोअर ट्रॅकवर, एक्केचाळिसाव्या वर्षी, कॉग्लनने 3:58.15 ची वेळ दिली.

नंतर त्याने आयर्लंडच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहात 2011 ते 2016 ही पाच वर्षं काढली. त्याच्या विक्रमांचं म्हणाल, तर सात वानामेकर विजयांचा टप्पा मूळ केनियाच्या आणि पुढे अमेरिकेकडून धावणाऱ्या बर्नार्ड लगाटने 2010 मध्ये आठवी शर्यत जिंकून ओलांडला. चाळिशीपारच्या मैलाचा विक्रमही लगाटनेच 2015 मध्ये 3:54.91 वेळेने मोडला. दोन्ही वेळा स्पर्धा एकच होती, न्यूयॉर्कची मिलरोझ गेम्स.